खालच्या अंगाला

धरण म्हणायचं, ते कागदावर.
ओझार्कच्या टेकड्यांत एकवीस फुटांचा मातीचा बांध,
त्यामागे सात एकर पाणी,
एक लाकडी धक्का, एक पालथी होडी,
आणि ओकच्या फांदीला ट्रकचा टायर,
ज्यावरून आम्ही सगळी पोरं पाण्यात पडलो,
एल्डन मात्र एकदा जमिनीवर, दोन दात गमावून.

बाबांनी तो सदुसष्टच्या उन्हाळ्यात घातला,
शेजारच्या हॉयट प्रुएटचा बुलडोझर आणून.
भाडं ठरलं : दोन वासरं, आणि पिढ्यान्‌पिढ्या मासे धरायची मुभा.
पोटात चिकणमाती, वर माळाची माती,
तळातून पन्हळी पत्र्याचा नळ, त्याला झडप.
बाबा म्हणत, पाण्याला आधी दार ठेवावं, मग भिंत घालावी.

शेत भिजवायला नाही, वीज नाही, पिण्याला नाही.
सरकारी तक्त्यात ‘उपयोग’ असा रकाना होता.
तिथे बाबांनी लिहिलं : पोहणे.
खाली पेन्सिलीने, आईच्या अक्षरात : आणि बसणे.

दर मार्चला बाबा उतारावरून वाकून चालत,
गवतावर तळवा टेकत,
तापल्या पोराचं कपाळ बघावं तसे.
कुठे ओल, कुठे पाणउंदरांची बिळं,
कुठे सीडरचं बोटभर रोप. ते लगेच उपटायचं.
मुळं मेली की त्यांच्या जागी बोगदे उरतात,
आणि पाणी कुठे मुरतंय ते पाणी सांगत नाही,
शेवटच्या दिवसापर्यंत वरून आरसाच दिसतो.

बाबा गेल्यावर मी चालू लागले.
मार्चमध्ये. मग एप्रिलमध्ये. मग एकदम दोन वर्षांनी.

यंदा धरण विभागाची बाई आली, रोझेन टिबेट्स,
गुडघ्यापर्यंत बूट, काखेत फाईल.
बांधाच्या माथ्यावर उभी राहिली
आणि तिने पाण्याकडे पाहिलंच नाही.
पाठ फिरवून खाली बघत म्हणाली,
तुमचा धोक्याचा वर्ग बदललाय. कमी होता, आता उच्च.
मी म्हटलं, बांध तर तोच आहे, तसूभर हललेला नाही.
ती म्हणाली, बांध नाही हो. ते बघा.

ओढ्याच्या वळणावर, जिथे नुसती वैरण उभी असायची,
तिथे तीन नवी घरं. एका परसात ट्रॅम्पोलिन,
त्यावर पिवळ्या मोज्यांतली एक मुलगी
दिसत होती, नव्हती, दिसत होती.

म्हणजे न हलता आम्ही धोकादायक झालो होतो.
पन्नासहून जास्त वर्षं, नुसतं बसून.

दुरुस्तीचा आकडा तिने हळू आवाजात सांगितला.
तेवढ्यात एल्डनला सोन्याची बत्तिशी आली असती.
एल्डन फोनवर म्हणाला, कोर्टात जाऊ, आपण आधी होतो.

आपण आधी होतो.
हे मी धक्क्यावर बसून मोठ्याने म्हणून बघितलं.
पाण्यावर ते बरं वाटायचं.
माथ्यावर जाऊन, खालच्या अंगाला तोंड करून म्हटलं,
तर शब्द अर्धवटच आला.

शुक्रवारी झडप उघडली. गंजून घट्ट झालेली,
हॉयटचा नातू कोलबी मोठा पान्हा घेऊन आला.
आधी हवा, मग काळा चिखल,
मग घसा खाकरून कुणी बोलायला लागावं तसं पाणी.
दिवसाला सहा इंच, जास्त नाही.
घाई केली तर आतला ओला उतार खचतो.
टेकून राहायची सवय भिंतीचीही एकदम मोडत नाही.

नवव्या दिवशी ओटीवर आलं :
गळ, एक डावा बूट,
आणि हॉयटच्या बिअरच्या डब्यांची अख्खी वंशावळ.
कोलबी उरलेल्या डबक्यांतून मासे बादलीत भरत होता.

ओढ्याच्या काठाने ती मुलगी वर आली.
मोजे तेच, आता पिवळे नव्हते.
म्हणाली, आमच्या मागे येतंय ते पाणी तुमचं का?
मी म्हटलं, होतं. पाठवतेय. हळूहळू.
तिने जरा विचार केला.
मग विचारलं, आणि मासे?

कोलबीने माझ्याकडे पाहिलं, हक्क त्याचा होता,
आणि बादली तिच्याकडे सरकवली.